हवेचा पंप कुणी उतरवला?

१

बॉनेट उघडलं आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

मंगळवारी माझ्या हातांनी बसवलेला हवेचा पंप जागेवर नव्हता. जळका धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह नव्हता. पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा काळा डबाही नव्हता. सगळा हिवाळा मी बेकर्सफील्डपासून मोडेस्टोपर्यंतची भंगार आवारं पालथी घातली होती, तेव्हा कुठे या तीन वस्तू हाती लागल्या होत्या. आज गुरुवार, तपासणीचा दिवस, आणि ट्रक माझ्यासमोर बोळकं करून उभा.

"काय झालं गं शूशान?" सिप्रियानोकाकांनी टोपी काढून विचारलं.

"काय व्हायचंय? तुमच्या ट्रकचे दात पाडलेत कुणीतरी."

आमच्या कॅलिफोर्नियात एवढ्या जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची तपासणी द्यावी लागते. नुसता धूर स्वच्छ असून भागत नाही. कारखान्यातून निघताना जे जे बसवलं होतं ते ते जागेवर दिसलं पाहिजे. एक नळी कमी असली तरी नापास. नियम मी केलेला नाही. माझ्या वडलांनी सेल्माच्या हमरस्त्यावर हे गॅरेज टाकलं, आता ते मी चालवते, आणि तपासणीचं यंत्रही माझ्याकडेच आहे. त्यामुळे लोकांच्या शिव्या मात्र मला खाव्या लागतात.

काकांच्या मागे त्यांची मुलगी नोएमी उभी होती. ओकलंडला दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, खास आजच्यासाठी रजा टाकून आली होती. बापलेकीत करार झाला होता आणि तो अख्ख्या सेल्माला माहीत होता. ट्रक पास झाला तर काका आणखी एक वर्ष इथेच, आपल्या मधमाश्यांपाशी राहणार. नापास झाला तर ट्रक सरकारी भंगारात, माश्यांच्या पेट्या विकायच्या आणि काकांनी ओकलंडला लेकीच्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं. बदामाची फुलं फळायला माश्या लागतात, म्हणून पेट्या शनिवारी बदामाच्या बागेत पोचायला हव्या होत्या. बहर कुणासाठी थांबत नाही.

काकांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं, मग हळूच सरळ झाले. एरवी लेकीला 'मिहा' म्हणजे 'बाळ' याखेरीज हाक नाही.

"नोएमी," ते म्हणाले, "हे तू केलंस."

२

नोएमी रडली नाही. तिने फक्त पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बाबा, मला पान्याचं कुठलं तोंड धरायचं तेही माहीत नाही."

"कुणाला तरी सांगून करवलं असशील. तुला मी हवाय कुंडीतल्या रोपासारखा. खिडकीत ठेवायचा, पाणी घालायचं!"

"हो का? आणि मागच्या उन्हाळ्यात मानेला माशी डसून अंगणात पडला होतात, तेव्हा टपालवाली आली नसती तर?"

"मेलो असतो! आपल्या अंगणात मेलो असतो!"

माझ्या गॅरेजात भांडणाला मनाई नाही, पण गिऱ्हाईक खोळंबतं. दोघांना मी घरी पिटाळलं आणि ट्रक ठेवून घेतला. एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. मंगळवारी संध्याकाळी ट्रक माझ्याकडून पूर्ण अवस्थेत गेला होता. त्याच दिवशी तपासणी उरकून टाकायची होती, पण माझं यंत्र सरकारच्या संगणकाशी जोडलेलं असतं आणि त्या दिवशी जोडणी काही केल्या लागेना. काका दुपारभर बाकावर बसले, माझी कडू कॉफी प्यायले आणि परत गेले. तेव्हापासून ट्रक त्यांच्याच पडवीत होता. चोरी झाली ती तिथेच.

जाता जाता नोएमी माझ्या कानाशी पुटपुटली होती, "नळ्यांची तोंडं बघितलीस? गोल्फच्या खुंट्या आहेत त्यात. आमच्या रस्त्यावर गोल्फ खेळणारा एकच माणूस आहे."

बघितलं तर खरंच की. जिथून सामान काढलं होतं तिथे उघड्या पडलेल्या रबरी नळ्यांत गोल्फचा चेंडू टेकवायच्या लाकडी खुंट्या ठोकून बसवल्या होत्या. चांगल्या सहा. आणि गोल्फ खेळणारा म्हणजे काकांचा शेजारी लायल टॅकेट. जुन्या ट्रकांचा वेडा. काकांचा ट्रक विकत मागून मागून त्याची जीभ झिजली होती.

मी ऑइलचे हात पुसले आणि धुक्यातून लायलच्या कोठाराकडे गाडी हाकली.

३

"बेड्या आणल्यास का शू?" लायलने मला बघताच दोन्ही हात पुढे केले. बातमी माझ्याआधी पोचली होती. "आणि कोठडीत चहाबिहा मिळतो ना?"

"दात काढू नकोस. गोल्फच्या खुंट्या कुणाच्या?"

"अगं, खुंट्या कुणाच्याही असतील! तुझ्या त्या वरच्या खणात किती आहेत सांगू?"

आमच्या धंद्यात उघडी नळी बुजवायला गोल्फच्या खुंटीसारखी वस्तू नाही. ज्याने जन्मात गोल्फचं मैदान पाहिलं नाही त्याच्याही डब्यात मूठभर सापडतात. नोएमीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं, तरी मी आले होते, कारण लायलवर डाफरायला मला आवडतं.

"पण ट्रक तुला हवाय," मी म्हणाले. "नापास झाला की काका स्वस्तात देतील, असं आलं नाही डोक्यात?"

लायल गंभीर झाला. कोठारात त्याचे तीन ट्रक चादरी पांघरून उभे होते. एकाची चादर त्याने नीट केली.

"शू, तू तपासणीवाली ना? मग मी तुला शिकवू? विकणाऱ्याने पासचा कागद दाखवल्याशिवाय आपल्याकडे गाडी नावावर होते का? नापास झाला तर तो सरकारी भंगारात जाणार, माझ्याकडे नाही. त्या पंपाला मी हात लावीन? अगं, पंप टिकावा म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येईन!"

खोटं बोलत नव्हता. लायलचा फायदा ट्रक पास होण्यातच होता.

"मग तुला कोण वाटतं?" मी विचारलं.

"खरं सांगू? तू. सगळ्या खोऱ्यात एवढ्या सफाईने उतरवणारं दुसरं आहे कोण? ते सामान दुसऱ्या कुणाला दामदुप्पट विकलं असशील."

"मला विकायचंच असतं तर आधी कन्व्हर्टर काढला असता, गाढवा," मी म्हणाले आणि बोलता बोलता थांबले.

कन्व्हर्टर. गाडीच्या पोटाखालचा, धूर स्वच्छ करणारा तो डबा. आतल्या मौल्यवान धातूसाठी चोर रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीचा कापून नेतात. करवत असली की चहा निवेपर्यंतचं काम. काकांच्या ट्रकचा नवाकोरा कन्व्हर्टर चोराच्या नाकासमोर लटकत होता, आणि त्याला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

४

नोएमी काकांच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पानात वाफवलेले तमाले गरम करत होती. काका मागे पेट्यांपाशी गेले होते. तिच्याशी बोलत नव्हते म्हणे.

"तू केलंस का?" मी सरळ विचारलं.

"मनात आलं होतं," ती म्हणाली. "मंगळवारी रात्री आले, ट्रक पडवीत, किल्ली खिळ्याला. वाटलं, एक नळी उपटून टाकावी. संपलं मग. पण नाही केलं. बाबांना शब्द दिला होता." तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "तू विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू."

"ठेवला."

"इतक्या पटकन?"

"तू म्हणतेस तेच कारण. नापास करायला एक नळी पुरे. जो कुणी होता त्याने तास-दोन तास घालवलेत. असा खटाटोप तुझ्याच्याने व्हायचा नाही."

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आज सकाळी त्यांना उठवलं, चला तपासणीला, तर माझ्यावरच खेकसले. 'आता परत कशाला?' म्हणे. हट्टी म्हातारा. त्यांना वाटतं, मीच ही तपासणी शोधून काढली."

मी तमाले खाल्ले आणि गॅरेजात परतले. माझ्या भावाने, म्हणजे चुलतभाऊ गारोने, विचारलं, "पकडलास का चोर?" मी त्याला टायर बदलायला लावलं.

मग मी ट्रकपाशी स्टूल घेऊन बसले आणि काय नेलं ते सोडून काय ठेवलं ते बघू लागले.

व्हॉल्व्ह काढल्यावर भोक उघडं पडतं. तिथे पत्र्याचा तुकडा मापात कापून, खाली गॅस्केट घालून बसवला होता. काढलेले बोल्ट परत आपापल्या भोकात हलके फिरवून ठेवले होते, हरवू नयेत म्हणून. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवलेला. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि असं गोड चाललं की मंगळवारी मी सोडलं तेव्हाही चाललं नव्हतं.

हे काही वाकडं करायला आलेल्या माणसाचं काम नव्हतं. पैशासाठी आलेल्याचंही नव्हतं. ज्याने हे केलं त्याची या इंजिनावर माया होती. त्याला ट्रक नापास करायचा नव्हताच. तपासणी त्याच्या मनातच नव्हती.

आता एक उघड गुपित सांगते. या खोऱ्यातल्या जुन्या ट्रकवाल्यांची एक रीत आहे. तपासणीच्या आधी सगळं सामान चढवायचं, पासचा कागद घ्यायचा, घरी जायचं आणि त्याच दिवशी सगळं उतरवून ठेवायचं ते पुढच्या तपासणीपर्यंत. त्याने गाडीला जोर येतो असा त्यांचा समज. कायद्याने गुन्हा आहे. मला ठाऊक नाही असं मी म्हणायचं आणि त्यांनी मान हलवायची. काकांनी तर जन्मभर हेच केलं. त्यांच्या जुन्या सामानाच्या खोक्यात उंदरांनी संसार थाटला आणि गंजाने उरलेलं खाल्लं, म्हणून तर यंदा सगळं नव्याने शोधावं लागलं.

म्हणजे असं काम माणूस करतो ते तपासणी झाल्यावर.

माझी नजर गल्ल्याशेजारच्या मधाच्या बाटलीवर गेली. काकांची बाटली. कागद हातात पडला की ते मला मध देतात. कागदाआधी कधी नाही. नापास झाले त्या वर्षी तर नुसती टोपी हलवून गेले होते. ही बाटली त्यांनी मंगळवारी निघताना दिली होती, आणि मी गधडी, "थँक्यू काका" म्हणून ठेवून घेतली होती.

चोर पकडल्याचा आनंद होतो म्हणतात. मला मुळीच झाला नाही.

५

काका मागच्या आवारात चौकटींचं मेण खरवडत बसले होते. थंडीमुळे माश्या पेट्यांत चिडीचूप होत्या. मी त्यांच्याजवळ एक पेटी उलटी करून बसले. चोराचं नावही काढलं नाही.

"काका, तपासणी झाल्यावर उतरवलेलं सामान यंदा कुठे ठेवलंत? जुन्या खोक्यात उंदीर झाले होते ना?"

"त्या खोक्यात कोण ठेवतो आता," ते खरवडता खरवडता म्हणाले. "ती कोपऱ्यातली निळी पेटी रिकामी आहे. तिच्यात ठेव…"

हात थांबला.

ते उठले. निळ्या पेटीपर्यंत चालत गेले, झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिले. पंप, व्हॉल्व्ह, काळा डबा. प्रत्येक वस्तू स्वच्छ पुसून, जुन्या फडक्यात गुंडाळलेली.

"मी?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"तुम्हीच. मंगळवारी. माझ्याकडून आल्यावर. शूशानकडे जाऊन आलो म्हणजे तपासणी झाली, असं वाटलं असेल. इतक्या वर्षांची सवय."

"मला आठवत नाही गं." आवाज इतका लहान झाला होता की मला कसंसंच झालं. "आत्ता हे बघतोय, तरी आठवत नाही."

"होतं असं."

"होतं असं म्हणू नकोस. मी लेकीला काय काय बोललो. परक्या माणसांसमोर." ते परत येऊन बसले. "याआधीही झालंय शूशान. पेटी उघडतो आणि कशाला उघडली ते समजत नाही. माश्या वाट बघत असतात. कुणाला सांगितलं नाही."

"नोएमीला सांगायला हवं."

"हो." त्यांनी खरवडणी हातात घेतली, परत खाली ठेवली. "तू सांग. मी सांगेन म्हटलं आणि तेच विसरलो तर?"

मी आत जाऊन तिला सांगितलं. ती सिंकपाशी उभी राहून ऐकत होती. तिने नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मग बाहेर जाऊन बापाशेजारी बसली. काय बोलली ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही.

त्या दुपारी मी सगळं परत चढवलं. पत्र्याचा तुकडा काढताना जीवावर आलं, इतका नेटका कापला होता. ट्रक रोलरवर घेतला, यंत्राची नळी धुराच्या नळकांड्यात खुपसली, यंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला. पास. काठावर, पण पास. काकांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि नोएमीला दिला. तिने तो घडी करून पर्समध्ये टाकला.

करार तर जिंकला होता. पण आता त्याचं करायचं काय, ते दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं.

६

शनिवारी उजाडता पेट्या निघाल्या. धुकं असं की समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. ट्रक नोएमी चालवत होती. काकांनी निघताना किल्लीसाठी हात पुढे केला होता, पण तिने "धुकं आहे बाबा, आज मला चालवू दे" म्हणून वेळ मारून नेली होती. मी माझ्या गाडीला बांधलेल्या ट्रेलरवर उरलेल्या पेट्या घेऊन मागे. पुढच्या धुक्याला काय सबब सांगणार, असं मला सारखं वाटत होतं. आणि धुकं नसेल तेव्हा?

बागेच्या फाटकाशी थांबलो. रखवालदार कुलूप काढायला आला. दोन्ही बाजूंना बदामाच्या काळ्या फांद्या, कळ्या फुटायला टेकलेल्या. काका खाली उतरून पेट्यांच्या दोऱ्या तपासू लागले. हात अगदी जाणकार. एक गाठ त्यांनी सोडून पुन्हा बांधली. मग ते माझ्याकडे वळले.

"शूशान, ते राहिलंच. माझा पंप कुणी चोरला होता, लागला का शोध?"

मी नोएमीकडे बघितलं. तिने माझ्याकडे. रहस्य मी सोडवलं होतं, पुराव्यानिशी, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. काकांनाच ते परत सांगायचं, परत त्यांचा चेहरा तसा होताना बघायचा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा?

"मीच चोरला होता बाबा," नोएमी खिडकीतून म्हणाली.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"मला ठाऊकच होतं! पहिल्याच दिवशी बोललो होतो की नाही मी? शूशान, बोललो होतो ना?"

"बोलला होतात काका," मी म्हणाले.

"आणि तरी ट्रक पास झाला! तरी मी माझ्या माश्या घेऊन आलोच!" ते ट्रकला वळसा घालून खिडकीपाशी गेले आणि बोट उगारलं. "आता शिक्षा. वर्षभर हा ट्रक तूच हाकायचा. मी बसणार शेजारी, ऐटीत. पेट्या उचलायच्या, चौकटी धुवायच्या, सगळं करायचं. ओकलंडच्या लोकांचे दात दुसरं कुणी बघेल."

"वर्षभर?" नोएमीने विचारलं. आवाज फुटत होता, पण म्हाताऱ्याला तो रुसवा वाटला.

"वर्षभर म्हणजे वर्षभर! चोरी केली तेव्हा नाही का वाटलं काही?"

"बरं बाबा," ती म्हणाली. "करते."

मी धुक्याकडे तोंड करून नाक पुसलं. चुकीचं उत्तर खपवून घेणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी घेतलं, आणि अजून कुणी विचारलं तर हेच सांगते.

रखवालदाराने फाटक उघडलं. काका दार उघडून शेजारच्या सीटवर चढले, काच खाली केली आणि त्या अनोळखी माणसाला मोठ्याने म्हणाले, "ही माझी मुलगी बरं का. पंप चोरला होता हिने माझा. पण गाडी छान चालवते."